आठवी बाजू

तिसरा कोपरा बसेपर्यंत कुणाच्या मनात शंका आली नव्हती. चौथा ठेवला तेव्हा म्हाताऱ्या पाथरवटाने त्याच्यावर तळहात फिरवला, बोटं कडेवरून खाली नेली आणि ती रिकाम्या जागेत गेली. खालच्या जुन्या बांधकामाचा कोपरा वीतभर पलीकडे होता.

"पुन्हा ठेव," तो मुलाला म्हणाला.

मुलाने पहार घालून दगड उचलला आणि पुन्हा ठेवला. दगड होता तिथेच बसला. दगड माणसासारखा मन बदलत नाही.

"बाबा, कमी पडतोय."

"कमी कसा पडेल? मी मोजलंय."

विहिरीभोवती हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नदी कधीच आटली होती आणि गावाची तहान आता या एका विहिरीवर होती. उन्हाने कडेची जमीन तडकली होती. जुन्या कठड्याचे वरचे दगड एकेक करून आत गेले होते, आणि रोज सकाळी कुणी बादली सोडली की तिच्या आधी पसाभर माती पाण्यात पडे. पाणी गाळून घ्यायचं, ते बसेपर्यंत थांबायचं, मग तहान भागवायची, असं महिनाभर चाललं होतं. खालचं आठ कोपऱ्यांचं बांधकाम मात्र अजून धड होतं. त्याच्यावर नवा कठडा बसवायचं काम पाथरवटाच्या घराला मिळालं होतं. कोपऱ्याचे आठ दगड आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या आठ सरळ पट्ट्या एवढा माल दीड महिना घरात घडत होता, आणि आज तो चौथ्या कोपऱ्यालाच अडला.

कडीवाला थोडा लांब सावलीला बसला होता. सिमेंटच्या तयार गोल कड्या विकणारा हा माणूस मनाचा वाईट नव्हता, पण दुसऱ्याची फजिती बघायला वेळ काढून यायचा.

"मिस्त्री," तो ओरडला, "म्हणून मी गोलच विकतो. कोपरा नाही, कटकट नाही!"

बायका हसल्या. म्हाताऱ्याची सून, जी चौथ्या कोपऱ्यापाशी दोरी धरून उभी होती, ती हसली नाही. ते आठही कोपरे तिने घडवले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून पडदा चढत होता. त्याला उजेड दिसे, माणूस उभा आहे हे कळे, पण छिन्नीची रेघ दिसत नसे. म्हणून तो कोनाचा फर्मा बनवी, दगडाला हात लावून सांगे आणि सून घडवी. गावाला हे ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवण्यात गाव हुशार होतं.

गावाची कामं बघणारा कारकून वही काखेत धरून पुढे आला. "मोजलं कसं होतं, मिस्त्री?"

"पायरीजवळची बाजू मोजली. फर्मा पण तिथल्याच कोपऱ्यावर घेतला."

"आणि बाकीच्या सात?"

"आठकोनी विहीर आहे, साहेब. एक मोजली की आठ मोजल्या. आमच्यात असंच चालतं."

"मग या वेळी का नाही चाललं?"

म्हाताऱ्याने पागोट्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि कानामागचा घाम पुसत राहिला.

कारकुनाने पलीकडच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे कडा घसरून मातीचा पुरुषभर उंच ढिगारा विहिरीच्या काठावरच बसला होता. "परवा, म्हणजे पाचव्या दिवशी, मजूर आणि टेकू येतील. ढिगारा हलवला की वरची जमीन मोकळी होणार, पुन्हा घसरणार. त्याच संध्याकाळपर्यंत कठडा बसला पाहिजे. नाही बसला तर मी याच्या कड्या उतरवतो. मला गावाला पाणी द्यायचंय."

"पाचवा दिवस परवा नसतो," कडीवाला म्हणाला.

"तू गप्प बस. पाचवा म्हणजे पाचवा."

घरी येताना नवरा पुढे चालत होता. त्याच्या खांद्यावर पहार होती आणि मानेवर धुळीचे पट्टे पडले होते. मागे वळून न बघता तो म्हणाला, "कडीवाला मला गाडीवर ये म्हणतोय. कड्या चढवायच्या, उतरवायच्या. डोकं चालवायला लागत नाही."

"मग इथे आपण काय करायचं?" सून म्हणाली.

"इथे काय उरणार आहे? एकदा विहिरीत कड्या गेल्या की दगड कोण विचारतंय? कड्या रचून हौद होतो, कड्यांवर कट्टा होतो."

तिला माहीत होतं की तो खरं बोलतोय. म्हणून तिला जास्त राग आला.

*

दुपारी सासूने जेवायला हाक मारली तर अंगणातून घणाचे घाव ऐकू येत होते. सून हात पुसत बाहेर आली. नवऱ्याने कोपऱ्याचा एक दगड दोन ओंडक्यांवर आडवा टाकला होता आणि आतल्या बाजूने तो छिलत होता.

"अहो, काय करताय?"

"कोपरा उघडतोय. बाजू लांब आहे ना? मग कोपरा पसरट हवा. थोडा उघडला की पुढचा दगड लांब जाईल."

"थांबा!"

"थांबायला दिवस आहेत कुठे?"

तिने सरळ छिन्नीवर हात ठेवला. घण वर गेलेला होता, तो तिथेच राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बोटं जातील तुझी!"

"बोटं गेली तरी चार उरतील. कोपरा गेला तर दुसरा कुठून आणू?"

पण कोपरा गेलेलाच होता. तिने फर्मा आणून आतून लावला. लाकडाच्या दोन पट्ट्या सांधून केलेला तो फर्मा काटकोनाहून मोठा होता, काटकोन आणि वर त्याचा अर्धा. एका टोकाला आता करंगळी जाईल एवढी फट दिसत होती. दोन दिवसांचं काम होतं ते. ती दगडाजवळ उकिडवी बसली.

"बाजू लांब झाली की कोन बदलतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली.

"दिसतंय की."

"काय दिसतंय? आपली ही खोली बघा. ही भिंत लांब, ती आखूड. लांब भिंतीसाठी मामंजींनी काटकोन तपासायचा वेगळा गुण्या आणला होता?"

त्याने घण खाली ठेवला.

"आणि तुमच्या आईची खाट. चारही बाजू कापल्या त्या मापाच्या आहेत ना? मग ती कण्हत कण्हत एका अंगाला का कलते?"

"सांधे ढिले झालेत म्हणून."

"म्हणजे बाजू तेवढ्याच आणि कोन गेले. आणि खोलीत कोन तेवढेच, बाजू वेगळ्या. या दोन गोष्टींत एकीच्या पदराला दुसरी बांधलेली नाही. तुम्ही बाजूचा राग कोपऱ्यावर काढलात."

"माझ्या खाटेला मध्ये कशाला आणता?" सासू दारातून म्हणाली. "जेवा आधी. उपाशीपोटी शहाणपण अंगी लागत नाही."

आत म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताट तसंच होतं. बाहेरचं सगळं त्याने ऐकलं होतं, पण पाठ हलली नाही.

*

जेवण झाल्या झाल्या ती फर्मा आणि दोरी घेऊन विहिरीवर गेली. ऊन डोक्यावर होतं आणि तिथे कुणी नव्हतं. कडीवाल्याची गाडी झाडाखाली होती आणि तो गाडीखाली.

सकाळी ठेवलेले चार दगड बाजूला ओढलेले होते. जुनं बांधकाम उघडं होतं, दोरांनी झिजून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. तिने पायरीजवळच्या कोपऱ्याला फर्मा लावला. बसला. पुढच्या कोपऱ्याला लावला. बसला. तिसरा, चौथा, सगळीकडे ती गुडघ्यावर सरकत गेली. दगड तापला होता, लुगड्यातून गुडघे भाजत होते. ढिगाऱ्याच्या दोन्ही अंगांचे कोपरे मातीच्या बाहेर जेमतेम डोकावत होते. तिने हातांनी माती खरवडली, हातभर कड मोकळी केली आणि फर्मा टेकवला. आठही कोपरे सारखे. फट म्हणून नव्हती.

म्हणजे तिचे दगड बरोबर होते. तिला एकदम रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

मग तिने बाजू मोजल्या. पायरीजवळची तीन हात. तिच्या पुढची तीन हात. तिच्या पुढची तीन हात आणि एक वीत. इथेच सकाळी घात झाला होता. त्यापुढच्या पुन्हा तीन तीन हात. जुन्या कारागिरांनी विहीर थोडी लांबट ठेवली होती, दोन मोठे दोर शेजारी शेजारी चालावेत म्हणून असेल. सहा बाजू सारख्या, एक लांब. आठवी ढिगाऱ्याखाली होती. त्या बाजूची दोन्ही टोकं दिसत होती, पण मधे मातीचा डोंगर. दोरी वरून टाकली तर ती डोंगर चढून उतरायची आणि भलतंच माप दाखवायची.

"काय हरवलं, वहिनी?" गाडीखालून कडीवाला म्हणाला.

"एक बाजू."

"माझ्या कडीला बाजूच नसते, म्हणून हरवत नाही."

तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती विहिरीच्या काठाने पावलाला पाऊल लावत चालू लागली. सहा पावलं, वळण. सहा पावलं, वळण. सात पावलं, वळण. ढिगाऱ्यापाशी आली की तिला बाहेरून वळसा घालावा लागे आणि मोजणी तुटे. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला तिच्या लक्षात आलं की वळताना अंग दर वेळी तेवढंच फिरतंय, अर्ध्या काटकोनाएवढं. आठ वळणं झाली की तोंड पहिल्यासारखं पायरीकडे येतं. मधे किती पावलं टाकली याच्याशी वळणाचं काही देणंघेणं नाही.

मग पावलांचं देणंघेणं कशाशी?

लांब बाजूवर ती गावाकडे तोंड करून सात पावलं जात होती. ढिगाऱ्याची बाजू बरोबर समोरची, तिथे गावाकडे पाठ करून. बाकीच्या बाजूही समोरासमोर होत्या, जेवढं एक न्यायची तेवढंच तिची जोडीदारीण परत आणायची. मग गावाकडे टाकलेलं सातवं पाऊल परत कोण आणणार? ढिगाऱ्याखालचीच बाजू. तिने आणलं नाही तर माणूस निघाल्या जागी पोचणारच नाही. आणि विहीर तर पोचलेली आहे, दोनशे वर्षं पोचलेली आहे.

"सापडली का?" कडीवाल्याने विचारलं.

"सापडली," ती म्हणाली आणि निघाली. तो गाडीखालून बाहेर येऊन ढिगाऱ्याकडे बघत राहिला.

*

"तीन हात आणि वीत," ती म्हणाली. "दोन पट्ट्या नव्या करायच्या. बाकी सगळा माल बरोबर आहे."

म्हातारा उठून बसला. "ढिगाऱ्याखालची मोजली?"

"नाही."

"मग?"

"कोन सारखे आहेत, बाकीच्या बाजू जोडीने सारख्या आहेत आणि समोरची तेवढी आहे. हिला तेवढंच असावं लागतं."

नवरा मध्ये पडला. "मी दोरी टाकून येतो वरून. सात हात तरी भरेल. त्यातून ढिगाऱ्याचं वजा करू."

"किती वजा करणार?"

"अंदाजाने."

"अंदाजानेच तर इथवर आलो," सासू म्हणाली आणि जीभ चावली. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

भांडण मापाचं होतं तसंच दगडाचंही होतं. एवढ्या लांबीचे अख्खे दगड अंगणात दोनच होते. खाणीत लांब दगड लागेनासा झाला होता. तुकडे जोडून बाजू भरायची सोय नव्हती, कारण दोर आणि बादल्या रोज घासल्या की पहिल्यांदा तुकडाच निसटतो. आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना जीभ ठेवावी लागे, ती शेजारच्या कोपऱ्याच्या खाचेत अडकवायची. एकदा जीभ घडवली की लांबी ठरली. मग कापायची म्हटली तर जीभच जायची.

"थोडी जास्त ठेवून तिथे नेऊन घडवू," नवरा म्हणाला.

"ढिगारा हलवल्यावर संध्याकाळपर्यंत दोन जिभा?" ती म्हणाली. "एका जिभेला मला अर्धा दिवस लागतो. तुम्हाला किती लागतो ते मघाशी पाहिलं."

हे लागलं. नवरा उठून अंगणात गेला. तिलाही वाटलं, एवढं बोलायला नको होतं. पण बोलून झालं होतं.

म्हातारा म्हणाला, "पोरी, मी एक मोजून सात धरल्या आणि गावापुढे नाक कापून घेतलं. तू सात मोजून एक धरतेस. चूक लहान आहे, पण चूकच आहे."

"मामंजी, काठीचं हे टोक धरा आणि बाहेर या."

तिने अंगणातल्या धुळीत फर्मा लावून छिन्नीच्या टोकाने आठ बाजूंची रेघ ओढली. लांब बाजू सात पावलं घेतली, तिच्या समोरची मुद्दाम सहा. सासूची खाट ओढून तिचा खूर पहिल्या कोपऱ्यावर आणला. म्हाताऱ्याने काठीचं एक टोक धरलं, दुसरं तिने. तो अनवाणी पायाच्या अंगठ्याने रेघ चाचपत निघाला.

"खाटेला हात लावून निघा. पावलाला पाऊल लावा. वळा म्हटलं की रेघेवरून वळा."

वळणावर ती त्याच्या पायाशी फर्मा टेकवी, म्हणजे त्याला अंगठ्याने कळे. आठ बाजू झाल्या. शेवटचं पाऊल टाकून, शेवटचं वळण घेऊन म्हाताऱ्याने हात पुढे केला. खाट नव्हती. हात हवेत फिरला, जसा सकाळी विहिरीवर बोटं फिरली होती.

"खाट हलवली काय?"

"नाही. खाट तिथेच आहे. तुम्ही एक पाऊल लांब आहात."

"वळण चुकलं असेल माझं."

"तोंड कुठे आहे तुमचं? ऊन कुठल्या गालाला लागतंय?"

म्हाताऱ्याने गालाला हात लावला. "निघालो तेव्हाच्याच."

"म्हणजे वळणं बरोबर. आता पुन्हा."

तिने समोरच्या बाजूची रेघ एका पावलाने वाढवली आणि पुढच्या रेघा तेवढ्याच सरकवून पुन्हा ओढल्या. पोरंटोरं कुंपणापाशी जमून म्हातारा आणि सून काय खेळतायत ते बघत होती. सासूने त्यांना हाकललं आणि स्वतः मात्र बघत उभी राहिली. म्हातारा फिरला, ओठांनी पावलं मोजत, सातवं वळण घेऊन शेवटच्या बाजूने आला आणि त्याची नडगी खाटेच्या खुरावर आपटली.

"आई गं!" तो कळवळला. मग वाकून त्याने खूर दोन्ही हातांनी चाचपला. बराच वेळ चाचपला.

"घे दगड," तो म्हणाला.

*

पुढचे दिवस अंगणात कुणी सरळ बसलं नाही. पहिली पट्टी तिने घ्यायची, बिघडलेला कोपरा नव्याने घडवायचा आणि मग दुसरी पट्टी, एवढं एका माणसाच्याने होणं शक्य नव्हतं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पहाटे काही न बोलता पट्टीचे दगड चौरस करायला घेतले. सपाट कामात त्याचा हात चांगला होता. मग ती फक्त जिभा आणि कोपरा बघू लागली.

म्हातारा दोघांच्या मध्ये पोतं टाकून बसे. डोळे मिटून छिन्नीचा आवाज ऐके. "उथळ मार," म्हणे. किंवा, "तिथे थांब, आवाज बद्द झाला. आत शीर आहे." ती बोट फिरवून पाही तर खरंच केसासारखी रेघ असे. ती दगड फिरवी आणि दुसऱ्या अंगाने घेई. दगडाची धूळ नाकात, केसांत, पाण्याच्या भांड्यात जाई. उजव्या तळव्यावरचा फोड फुटला, त्यावर सासूने चिंधी बांधली, ती चिंधी दगडाला चिकटून सुटली, पुन्हा बांधली.

"लग्नाआधी मी कधी साधा वरवंटा धरला नव्हता," ती एकदा म्हणाली.

"आता धरू नकोस," सासू म्हणाली. "वाटण मी करते. तू दगड फोड."

चौथ्या दिवशी नवरा विहिरीवर जाऊन आलाच. त्याला राहवलं नाही. परत आला तो घामाने निथळत.

"वरून दोरी टाकली. आठ हात भरली."

छिन्नी थांबली. "ढिगारा धरून," ती म्हणाली.

"हो, पण त्यातून एवढं वजा होईल? अगं, एकच दगड आहे. चुकला तर उद्या मी गाडीवर. मग बाबांकडे गावात कोण बघणार आहे?"

तिला माहीत होतं. तिला दिवसभर तेवढंच माहीत होतं. दगडावर मापाची खूण कोळशाने केली होती, तिच्याकडे बघून बघून ती खूण खरी की खोटी हे आता तिला कळेनासं झालं होतं. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता आणि उजव्या पायाचा अंगठा पोत्यावर सरकवत होता, थांबत होता, वळवत होता. पुन्हा पहिल्यापासून.

"खुणेवर घाल," तो म्हणाला.

तिने घातली.

*

पाचव्या दिवशी सगळं गाव विहिरीवर होतं. मजुरांनी टेकू उभे केले आणि ढिगारा खोऱ्यांनी मागे ओढायला सुरुवात केली. वरची जमीन दोनदा घसरली. एकदा मजुरांसकट सगळे मागे पळाले आणि पुन्हा हसत पुढे आले. तोवर अलीकडच्या सात बाजू बसल्या होत्या. लांब पट्टी जागेवर गेली होती, नवा कोपरा खाचेत बसला होता, सगळा कठडा जुन्या बांधकामावर कडेला कड लावून फिरत गेला होता आणि एका जागी उघडा होता. कडीवाल्याच्या गाडीवर तीन कड्या दोरांनी बांधलेल्या होत्या. आज तो चिडवत नव्हता. ऊन कलत होतं.

आठवी बाजू उघडी झाली. सून दोरी घेऊन पुढे निघाली तेव्हा म्हातारा म्हणाला, "आता कशाला मोजतेस? दगड घडून झालाय."

चौघांनी पट्टी दोरांत घेतली आणि वरून सोडली. एक टोक खाचेत गेलं. दुसरं टोक दोन बोटं वर अडकलं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. घणाचा एक घाव घातला तर जीभ तुटेल, हे दोघांनाही कळत होतं. कारकुनाने वही उघडली.

"वर घ्या," ती म्हणाली. "वर घ्या म्हणते ना!"

पट्टी वर आली. ती पालथी पडून खाचेत हात घालू लागली. खाचेच्या तळाशी ढिगाऱ्याची माती दाबून बसली होती, घट्ट. तिने नखांनी उकरली, चिंधी ओली करून पुसली, पुन्हा बोट फिरवलं. तळ लागला.

"सोडा."

पट्टी खाली आली आणि आवाज न करता बसली. इतकी बसली की सांध्यावर कारकुनाने वहीचं पान धरून पाहिलं, ते आत गेलं नाही. बायकांपैकी कुणीतरी पहिली बादली सोडली, तिच्याआधी माती पडली नाही. कडीवाल्याने गाडीचे बैल जुंपायला घेतले.

नवरा कठड्यावर बसून राहिला. हात मांडीवर उपडे टाकून. तो हसत होता की काय ते धुळीमुळे कळत नव्हतं.

"चला," कारकून म्हणाला, "जमलं एकदाचं. मिस्त्री, आधी चुकलं होतं कुणाचं, मुलाचं का?" त्याला सोयीचं उत्तर हवं होतं आणि मुलगा ते घ्यायला तयारही होता. त्याने मान खाली घातली होती.

"माझं," म्हातारा मोठ्याने म्हणाला, म्हणजे हंडे घेतलेल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जावं. "एक बाजू मोजली आणि सात सवयीने धरल्या. कोपरे मी घडवलेले नाहीत. दोन वर्षं मी एकही कोपरा घडवलेला नाही. मला दिसत नाही."

गावाला हे ठाऊक होतं. सासूने पदर तोंडाला लावला. एवढ्या लोकांत त्याने ते पहिल्यांदा म्हटलं होतं आणि म्हणून झाल्यावर तो काठीवर जरा वाकला.

कारकून खाकरला. त्याने वहीचं पान उलटलं, काही नसताना त्यात बघितलं. "बरं, ते असू दे. गुरांच्या हौदाचा कठडाही खचलाय. तो सहा कोपऱ्यांचा आहे. किती दिवस लागतील, मिस्त्री?"

म्हातारा तसाच उभा राहिला, जणू विचारलंय ते दुसऱ्याच कुणाला. कारकून त्याच्याकडून मुलाकडे बघू लागला, मुलाने बायकोकडे पाहिलं, आणि मग एकेक करून सगळेच तिच्याकडे बघू लागले. ती अजून कठड्याशी गुडघ्यावर होती. नखांत माती होती आणि हाताची चिंधी कुठेतरी विहिरीत गेली होती. आपल्याला विचारलंय हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

"आधी सहाही बाजू मोजते," ती म्हणाली. "मग सांगते."